तारखेखालची रेघ

संचिताला अमेरिका चांगली माहीत होती, पण ती एकशेतीस वर्षांपूर्वीची. आजच्या अमेरिकेत कोण राज्य करतंय आणि तिकडे किती वाजलेत, हे तिला विचारून काही उपयोग नव्हता. मात्र १८९४ सालच्या मे महिन्यात शिकागोजवळच्या एका गावात कुणाच्या घरी कोळसा संपला, कुणाचं पोर घटसर्पाने गेलं आणि चर्चची घंटा का वाजली नाही, हे ती डबा खाता खाता सांगू शकायची. ऐकणारे कंटाळायचे, ती कंटाळत नसे.

तिचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली अजून पत्रे कापायचं मशीन चालायचं आणि त्याची थरथर वर टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीत दिसायची. वर अकरा माणसं दिवसभर पडद्यावर जुन्या कागदांचे फोटो बघून टाइप करायची. कागद पाठवणारं तिकडच्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. सध्या आलेला गठ्ठा रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कंपनीच्या पत्रांचा होता. कंपनीचं नाव फायलीत दिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे तिला नुसतं 'डबेवाले' म्हणायचे.

या डबेवाल्यांच्या मालकाने कारखान्याभोवती अख्खं गावच वसवलं होतं. घरं त्याची, दुकानं त्याची, वाचनालय त्याचं, चर्चसुद्धा त्याचं. मग मंदी आली, देशभर बँका पटापट बुडाल्या. मालकाने पगार कापले, घरभाडं मात्र होतं तसंच ठेवलं. कामगार संपावर गेले, सरकारने लष्कर बोलावलं, संप मोडला. एवढी हकीकत संचिताने पत्रांतूनच जुळवली होती. तसं जुळवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, उलट मनाईच होती.

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'जे दिसतं ते टाइप करा, जे कळतं ते नको.' कामाची रीतच तशी होती. एकच पान दोघांना द्यायचं. ते दोघे त्याच हॉलमध्ये बसलेले असायचे, पण आपला जोडीदार कोण हे कुणालाच सांगितलं जात नसे, नाहीतर एकमेकांचं बघून लिहितील. मग मशीन दोन्ही प्रती ताडून बघायचं. जुळलं तर ते खरं. नाही जुळलं तर पान सुपरवायझर सुदेशकडे जायचं, तो मूळ फोटो बघून निवाडा द्यायचा आणि ज्याचं चुकलं त्याची टक्केवारी घसरायची. संध्याकाळी दोघांनाही फरकांची यादी मिळायची. शाईचे थेंब, डाग, इकडच्या तिकडच्या रेघा सोडून द्यायच्या, हा दुसरा नियम.

एरवी या टक्केवारीचं कुणी फारसं मनावर घेत नसे. पण या महिन्यात गोष्ट वेगळी होती. हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर आलं होतं आणि महिनाअखेरीनंतर अकरातले चारच लोक ठेवायचे ठरलं होतं. चार कोण, ते टक्केवारी ठरवणार होती. संचिता तिसरी होती. छत्तिसाव्या वर्षी नव्याने कुठे जाऊन चिकटायचं, हा प्रश्न तर होताच, पण खरं सांगायचं तर तिला ही मेलेली माणसं सोडवत नव्हती.

त्यातलाही एक कारकून तिच्या खास ओळखीचा झाला होता. त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्या अक्षरांना लांबलचक शेपट्या असायच्या म्हणून तिने त्याचं नाव शेपटीवाला ठेवलं होतं. नोकरी सोडून जाणाऱ्या कामगारांना दाखले लिहून द्यायचं काम त्याच्याकडे असावं. 'अमुक माणूस सहा वर्षे आमच्याकडे सुतार होता, कुशल, प्रामाणिक, निर्व्यसनी.' खाली साहेबांची सही आणि वर तारीख. काही दाखल्यांत तारखेच्या खाली एक बारीक रेघ ओढलेली असायची, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी.

पहिल्यांदा तिला वाटलं, सवय असेल. पण शेपटीवाल्याने कोळसेवाल्याला, खिळेवाल्याला, पाद्र्याला लिहिलेली पत्रं तिने उघडून पाहिली, तर तारखेखाली रेघ कुठेच नव्हती. मग तिने दाखले पाहिले. संपाच्या आधीच्या एकाही दाखल्यावर रेघ नव्हती. संपानंतरच्यांपैकी काहींवर होती, काहींवर नव्हती. आता मात्र तिला चैन पडेना. डबा अर्धा ठेवून ती पानं मागेपुढे करत बसायला लागली.

मग एका मंगळवारी तिच्या पुढ्यात एका सुताराचं पत्र आलं. त्याने आपल्या जुन्या साहेबांनाच लिहिलं होतं. 'आपण दिलेला दाखला माझ्याबद्दल चांगलं बोलतो. तो घेऊन मी अकरा कारखान्यांत गेलो. सगळ्यांनी वाचला, सगळ्यांनी जागा नाही म्हटलं. माझ्यामागून दाखला नसलेला एक माणूस आला, त्याला ठेवून घेतलं. दाखल्यात काही चुकलं असेल तर कृपा करून दुरुस्त करावं.' संचिताने त्याचा दाखला शोधून काढला. तारखेखाली रेघ होती.

त्या दिवसापासून तिने एक केलं. जिथे रेघ दिसेल तिथे तारखेपुढे एक चांदणीसारखी फुली टाइप करायला लागली. दिसतं ते टाइप करा असं भिंतच सांगत होती, आणि तिला रेघ दिसत होती. अर्थात तिच्या जोडीदाराला दिसत नव्हती. संध्याकाळच्या यादीत फरकांची रांग लागली, सगळे निवाडे तिच्या विरुद्ध गेले आणि चार दिवसांत ती तिसऱ्या नंबरावरून सहाव्यावर आली.

सुदेश तिच्या टेबलाशी आला. वयाने तिच्यापेक्षा लहान, स्वभावाने वाईट नाही, पण महिनाअखेर त्याच्याही डोक्यावर होती.

"मॅडम, हे स्टार कसले टाकताय तुम्ही? रेघ आहे ती, इग्नोर करायची."

"पण ती मुद्दाम मारलीय सुदेश. बघ ना, फक्त संपानंतरच्या दाखल्यांवर, आणि तेही काहींच्याच."

"असेल. आपल्याला रिसर्चचे पैसे नाही देत ते. सोमवारपासून बंद करा, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही. मी आत्ताच सांगून ठेवतो."

संचिताने मान डोलावली. तो बरोबर बोलत होता, हीच मोठी पंचाईत होती.

ठाकुर्लीच्या घरी ती, तिचा नवरा देवेश आणि सासरे दगडूराव असे तिघेच राहायचे. दगडूराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. उभी नोकरी त्यांनी वागळे इस्टेटमधल्याच पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात टायपिस्ट म्हणून काढली होती. कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता टॉवर उभा होता. म्हातारे अजून ताठ होते. डोंबिवलीला वाचनालयात, ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे एकटे जायचे. एक टिटवाळा सोडून. गणपतीला घरचे सगळे निघाले तरी ते घरीच थांबायचे आणि विचारलं की म्हणायचे, "गणपती घरात आहे की." लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी संचिताला याचा उलगडा झाला नव्हता, आणि देवेशलाही नव्हता.

रविवारी दुपारी सून आणि सासरे मोड आलेले वाल सोलत बसले होते. हे काम हातांना असतं, तोंड मोकळं असतं. संचिता म्हणाली, "बाबा, एक कोडं आहे. कंपनीने माणसाला चांगला दाखला दिलाय. कुशल, प्रामाणिक, सगळं. तो घेऊन तो अकरा कारखान्यांत गेला. सगळ्यांनी वाचला आणि सगळ्यांनी नाही म्हटलं. बिनदाखल्याच्या माणसाला मात्र घेतलं. असं का व्हावं?"

दगडूरावांच्या बोटांतला वाल बोटांतच राहिला.

"खूण कुठे होती?" त्यांनी विचारलं. "सहीपाशी की तारखेपाशी?"

संचिताने अजून रेघेचा उच्चारही केला नव्हता. तिने त्यांच्याकडे पाहिलं, तर ते ताटातल्या सालांकडे बघत होते.

"तारखेपाशी," ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला कसं कळलं, खूण होती म्हणून?"

दगडूरावांनी ताटातला पुढचा वाल उचलला. मग एकेक वाल सोलत, तिच्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. त्र्याऐंशी साली त्यांच्या कारखान्यात चार महिने संप झाला आणि मोडला. एकेचाळीस माणसांना काढून टाकलं. साहेबांनी यादी हातात दिली आणि म्हणाले, दगडू, यांना दाखले ठीकठाक लिही, उगाच वाकडेपणा नको. फक्त कंपनीचा गोल शिक्का उलटा मार. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, फायलीला सोपं पडतं.

"मी मारला. एकेचाळीस वेळा."

"पण तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, कशासाठी ते?"

"पहिल्या दिवशी नव्हतं," दगडूराव म्हणाले. "पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीतून सुटलेला एक माणूस आमच्याकडे काम मागायला आला. त्याचा दाखला माझ्याच टेबलावरून आत गेला. शिक्का उलटा होता. साहेबांनी वाचला, त्याला चहा पाजला, गोड बोलले आणि जागा नाही म्हणून सांगितलं. जागा होती, संचिता. तीन होत्या. त्या दिवशी मला सगळं कळलं."

संचिताला राग आला. इतका की ताट ढकलून उठावंसं वाटलं. पण पुढचं ऐकायचं होतं म्हणून ती बसून राहिली.

"रतन माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. टर्नर होता. लेथवर त्याच्यासारखा हात उभ्या इस्टेटीत नव्हता. दोन महिने भटकून तो एका संध्याकाळी दाखला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, दगड्या, हे तू टाइप केलंयस, तुला इंग्रजी कळतं, यात माझं काही वाईट लिहिलंय का बघ. मी बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, काही नाही, उत्तम आहे."

"का सांगितलं तसं?"

"बावीस जणांना काढायची दुसरी यादी तयार होत होती. देवेश दोन वर्षांचा होता." ते थांबले. "आणि भीती वाटली. नुसती भीती. बाकीचं मी नंतर शोधून काढलं."

रतनने खोली सोडली आणि टिटवाळ्याला बायकोच्या भावाकडे गेला. देवळाबाहेर नारळ-फुलं विकायला बसला. अजूनही बसतो, असं दगडूरावांना कुणीतरी सांगितलं होतं. आता संचिताला टिटवाळ्याचं कोडं सुटलं होतं, पण ते सुटल्याचा आनंद मुळीच झाला नाही.

"तू त्या रेघेचं काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"सोडून द्यायचा नियम आहे. मी फुली टाकत होते तर माझाच नंबर खाली गेला. उद्यापासून बंद कर म्हणून सांगितलंय."

"हं," दगडूराव म्हणाले. "यावर मी तुला काही सांगावं, अशी माझी लायकी नाही."

आणि त्यांनी सोललेले वाल उचलून ओट्यावर नेऊन ठेवले.

सोमवारी संचिताच्या वाट्याला एकूण चौदा दाखले आले, त्यातल्या नऊ दाखल्यांवर रेघ होती. पहिल्यापाशी ती थांबली. शेपटीवाल्याला कुणी काय सांगितलं असेल, फायलीला सोपं पडतं असंच काहीतरी, असं तिच्या मनात आलं. त्याला पंधरा दिवसांनी कळलं असेल का, की पहिल्याच दिवशी? त्याच्याही शेजारी कुणी सुतार राहत असेल का? तिने फुली टाकली. मग नऊच्या नऊ टाकल्या आणि नोकरीवर पाणी सोडलं असं समजून डबा खायला गेली. भूक मात्र छान लागली होती.

संध्याकाळी यादी आली. फरक शून्य.

आधी तिला वाटलं, फुल्या टाकायच्याच राहिल्या. तिने आपली प्रत उघडली. नऊ फुल्या जागच्या जागी होत्या. म्हणजे तिच्या त्या अदृश्य जोडीदारानेही नऊ फुल्या टाकल्या होत्या, नेमक्या त्याच ठिकाणी. मशीनने दोन्ही प्रती ताडल्या होत्या आणि जुळतंय म्हणून खरं धरलं होतं. संचिता हॉलभर नजर फिरवत राहिली. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

बेसिनपाशी ती डबा धूत होती, तेव्हा मिशेल येऊन शेजारच्या नळावर हात धुवायला लागली. मिशेल ठाण्यातच चेंदणीजवळ राहायची, सगळ्यांत वेगवान टायपिस्ट, पहिल्या नंबरावर. बोलायची फार कमी.

"तुझ्या त्या फुल्यांनी माझं डोकं खाल्लं," ती नळाकडे बघत हळूच म्हणाली. "रोज लिस्टमध्ये तेच. मला वाटलं, कोण येडं आहे हे. सुदेश तुझ्या टेबलाशी येऊन बोलला तेव्हा कळलं. शुक्रवारी मोठं करून बघितलं तर रेघ. मग मागचे सगळे काढून बघितले. शनिवारी सुट्टी होती तरी आलेली मी."

"पण मिशेल, तुझा नंबर गेला असता."

"गेला असता. पण दिसल्यावर कसं नाही टाइप करायचं, सांग ना. दिसलं तर दिसलं." तिने हात झटकले. "आणि आपण बोललो नाय हां."

दुसऱ्या दिवशी सुदेश डोकं खाजवत बसला होता. दोघींनी एकच चूक केली की मशीन तिला बरोबर म्हणतं आणि मशीनने बरोबर म्हटलेलं तो खोडू शकत नव्हता. त्याने शेवटी कंटाळून ग्रंथालयालाच क्वेरी पाठवली, या रेघांचं काय करायचं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. रेघा हव्यात. आधीची नऊशे पानंही पुन्हा बघून हवीत आणि माणसांनीच बघितलेली हवीत, कारण सॉफ्टवेअर अशा रेघा कचरा समजून पुसून टाकतं. म्हणजे अकराही जणांना आणखी दोन महिने काम मिळालं. त्यानंतरचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही दोघींनी ठरवून केलंत ना?" सुदेशने विचारलं.

"जोडीदार कोण ते आम्हाला कुठे माहीत असतं?" संचिता म्हणाली. सुदेश हसला आणि निघून गेला.

घरी तिने हे सगळं दगडूरावांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या दुसऱ्या बाईला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. तिने नुसतं बघितलं."

"माझा कागद ताडून बघायला दुसऱ्या कुणाकडे जायचा नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "रविवारी टिटवाळ्याला येशील माझ्याबरोबर?"

देवळाच्या रस्त्यावर उजव्या हाताला तिसरी टपरी रतनची होती. नारळ, जास्वंद, दूर्वांच्या जुड्या. माणूस काटक, डोक्यावर टोपी, हात मोठाले आणि अजूनही स्थिर. त्याने दगडूरावांकडे बराच वेळ पाहिलं.

"दगड्या? अजून आहेस व्हय तू?"

"आहे. ही सून माझी, संचिता."

रतन एकदम खुलला. स्टुलं पुढे केली, चहा मागवला. मग टपरीच्या मागच्या फळीवर खिळ्याला टांगलेला एक कागद काढून त्याने संचितापुढे धरला. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला दाखला होता. "हे तुझ्या सासऱ्याचं काम. आमच्या नातवंडांना पण दाखवतो. अख्ख्या कागदावर एक शिक्का मारायचा होता, तो पण यानं उलटा मारला. टाइपिंगला हुशार, बाकी सगळा आनंद." आणि तो मनापासून हसला. चाळीस वर्षं तो हाच विनोद करत आला होता.

दगडूराव हसले नाहीत. त्यांनी उभं राहूनच सांगितलं. यादी, साहेब, शिक्का, दुसऱ्या कंपनीतला तो माणूस, आणि त्या संध्याकाळी आपण काय उत्तर दिलं ते. काहीही गाळलं नाही. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला रतनने नारळ दिला, सुट्टे दिले आणि पुन्हा ऐकायला लागला.

सांगून झाल्यावर रतनने दाखला हातात घेतला आणि उलटा फिरवला. आता शिक्का सरळ झाला आणि मजकूर उलटा. तसाच धरून तो बघत राहिला.

"तेवीस ठिकाणी गेलेलो मी," तो म्हणाला. "कुणी लेथला हात पण लावू दिला नाही. मला वाटलं, माझा हातच गेला असणार. लोकांना बघूनच कळत असणार. म्हणून मग परत कधी मशीनजवळ गेलोच नाही. घरातलं शिलाई मशीन बिघडलं तरी दुसऱ्याला बोलवायचो."

संचिताचे डोळे भरून आले. दगडूरावांनी माफीही मागितली नाही. मागायचं तोंड नसल्याचं दिसत होतं.

रतनने दाखला पुन्हा सरळ केला, खांद्यावरच्या पंच्याने पुसला आणि संचिताकडे दिला. "वाच गं पोरी. काय लिहिलंय ते मराठीत सांग."

संचिताने वाचलं. "श्री. रतन यांनी आमच्याकडे अकरा वर्षं टर्नर म्हणून काम केलं. ते वागायला सरळ आणि कामात अत्यंत कुशल आहेत."

रतन दगडूरावांकडे वळला. "हे तरी खरं होतं का रे? का हे पण साहेबानं सांगितलं म्हणून टाइप केलंस?"

"साहेब म्हणालेले, ठीक काम करतो एवढं लिही," दगडूराव म्हणाले. "अत्यंत कुशल, हे मी घातलं. तुझं काम मी बघत होतो."

समोर कुणीतरी दूर्वांची जुडी कितीला म्हणून विचारत होतं. रतनने त्याला हाताने थांबवलं.

"परत वाच गं," तो म्हणाला. "ती कुशलवाली ओळ."

संचिताने परत वाचली.